घर, दुकान आणि शेतातल्या नेटवर चालणाऱ्या वस्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गीझर, पंखा, दारावरचा कॅमेरा, दुकानातला साउंडबॉक्स, विहिरीवरचा स्टार्टर, जिन्याखालचा विजेचा मीटर: या सगळ्यांत आता इंटरनेट शिरले आहे. खाली लोक वरचेवर विचारतात ते प्रश्न घेतले आहेत. उत्तरे देताना एकच कसोटी सगळीकडे लावली आहे. नेट गेले, लाइट गेली किंवा कंपनीचा सर्व्हर बंद पडला, तरी वस्तू हाताने चालली पाहिजे आणि कोणाला इजा होता कामा नये. या कसोटीला न उतरणारी वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्मार्ट प्लग किंवा स्मार्ट बल्बच्या आत नेमके काय असते?

तीन गोष्टी असतात: २३० व्होल्टचे ३.३ व्होल्ट करणारा छोटा वीजपुरवठा, वाय-फायची चिप आणि रिले. बल्बमध्ये रिलेऐवजी एलईडीचा ड्रायव्हर असतो. रिले म्हणजे विजेवर चालणारे बटण. अ‍ॅपमध्ये ‘ऑन’ दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येतो तो त्याचाच.

फोन आणि प्लग एकाच खोलीत असले तरी बऱ्याच कंपन्यांच्या वस्तूंत तुमचा हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून तुमच्या राउटरवर येतो आणि मग प्लगला मिळतो. म्हणून ‘चालत नाही’ अशी तक्रार असली की बिघाड तीनपैकी कुठे आहे ते आधी शोधावे. प्लगवरचे बटण हाताने दाबा. त्याने दिवा लागला तर प्लग ठीक आहे. मग फोनचा मोबाईल डेटा बंद करून त्याच वाय-फायवर एखादे पान उघडा. ते उघडले तर राउटर आणि नेट ठीक आहे. दोन्ही ठीक असून त्याच कंपनीच्या सगळ्या वस्तू एकदम ‘ऑफलाइन’ दिसत असतील, तर अडचण कंपनीच्या बाजूला आहे. अशा वेळी वस्तू रीसेट करत बसू नका. तासाभराने पुन्हा बघा.

नवा प्लग अ‍ॅपला जोडताना ९० टक्क्यांपर्यंत जातो आणि ‘फेल’ येते. का?

बहुतेक वेळा कारण एकच असते: फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर असतो आणि प्लगला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. स्वस्त वस्तूंतल्या बऱ्याचशा चिप २.४ वरच चालतात. आजकालचे राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवतात, त्यामुळे फोन कोणत्या बँडवर आहे ते लक्षातच येत नाही. असे करा:

१. राउटरच्या पानावर जा. पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१. तिथे २.४ आणि ५ ची नावे वेगळी करा. तशी सोय नसेल तर जोडणी होईपर्यंत ५ चा बँड बंद ठेवा.

२. सुरक्षेचा प्रकार नुसता ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर तो ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र करा. जुन्या चिपना नुसते डब्ल्यूपीए३ समजत नाही.

३. वाय-फायच्या नावात देवनागरी अक्षरे, इमोजी किंवा मोकळी जागा असेल तर ती काढा. काही वस्तू तिथेच अडतात.

४. फोनचे लोकेशन आणि ब्लूटूथ चालू करा, मोबाईल डेटा आणि व्हीपीएन बंद करा.

५. प्लगचे बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा. दिवा भराभर लुकलुकला म्हणजे तो जोडणीला तयार आहे. या पद्धतीने जमत नसेल तर बटण पुन्हा तेवढाच वेळ दाबा, दिवा सावकाश लुकलुकू लागेल. मग प्लग स्वतःचेच वाय-फाय सोडतो. फोन त्याला जोडायचा आणि अ‍ॅपमध्ये परत यायचे. ही दुसरी पद्धत थोडी किचकट आहे, पण जास्त भरवशाची आहे.

जोडणी राउटरच्या जवळच करा, नंतर प्लग हव्या त्या खोलीत न्या. तिथे तो वारंवार ‘ऑफलाइन’ जात असेल तर राउटरचे २.४ चे चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ वर ठेवून बघा. इमारतीत शेजारपाजारचे दहा-पंधरा राउटर एकमेकांवर बोलत असतात. हीच तीन चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत.

राउटर बदलला तर घरातल्या सगळ्या वस्तू पुन्हा जोडाव्या लागतील का?

नाही. नव्या राउटरला जुन्याच वाय-फायचे नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरांचे लहान-मोठेपणही तसेच ठेवा. सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवा. सगळ्या वस्तू आपापल्या परत येतात. फोन बदलला तर काहीच करायचे नसते, त्याच खात्याने अ‍ॅपमध्ये शिरायचे.

गीझरला स्मार्ट प्लग लावला तर चालेल का?

चालेल, पण कोणता गीझर आणि कोणता प्लग ते पाहून. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॉटचा १३ अँपिअर. ६ किंवा १० अँपिअरचा प्लग ३००० वॉटला लावला तर तो वितळू शकतो. जाड पिनांचा १६ अँपिअरचाच प्लग घ्या आणि त्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह आणि क्रमांक आहे का ते पाहा. ४५०० वॉटच्या इन्स्टंट गीझरला साडेएकोणीस अँपिअर लागतात. त्याला कोणताही प्लग चालत नाही.

खरा धोका बहुतेकदा प्लगपेक्षा भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो. जुने सॉकेट सैल झालेले असते, पिन नीट धरत नाही आणि त्या सैल जागी उष्णता साठते. पहिले काही दिवस गीझर पंधरा मिनिटे चालवून, बंद करून, प्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, प्लॅस्टिक पिवळसर पडले असेल किंवा मासळीसारखा उग्र वास येत असेल तर वायरमनला बोलावून सॉकेट बदला. सॉकेटपर्यंतची वायर तांब्याची आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची हवी. एक्स्टेन्शन बोर्डावर गीझर कधीही नको.

रिले हा भाग झिजतो. वर्षानुवर्षे मोठा भार तोडून-जोडून त्याचे टोक कधी कधी चिकटते. मग अ‍ॅपमध्ये ‘ऑफ’ दिसते आणि गीझर चालूच असतो. वीज मोजणारा प्लग घेतला तर हे लगेच कळते, कारण ‘ऑफ’ असताना वॉट शून्य दिसायला हवेत. गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट, कटआउट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह चांगल्या स्थितीत असणे म्हणूनच महत्त्वाचे. अ‍ॅप त्यांची जागा घेऊ शकत नाही. बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग नसेल तर आधी तो खर्च करा, स्मार्ट प्लग नंतर घ्या.

गीझरला टायमर किती मिनिटांचा लावावा?

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागते. २००० वॉटच्या गीझरला त्यासाठी १८ ते २० मिनिटे पुरतात. २५ लिटरचा असेल तर अर्धा तास. हिवाळ्यात नाशिकला किंवा विदर्भात टाकीतले पाणी १५ अंशांच्या आसपास असेल तर पाच-सात मिनिटे वाढवा. चालू करायचे वेळापत्रक लावण्यापेक्षा ‘चालू केल्यावर अमुक मिनिटांनी आपोआप बंद’ ही सोय जास्त उपयोगाची, कारण विसर पडतो तो बंद करायचाच.

वेळापत्रक सकाळी ६ चे लावले, पण गीझर पहाटे साडेतीनला चालू होतो!

अ‍ॅपमधली वेळ चीनची आहे. भारत आणि चीन यांच्या घड्याळांत अडीच तासांचा फरक आहे. अ‍ॅपमध्ये ‘होम’ची जागा भारतातली द्या आणि वस्तूचा टाइम झोन तपासा. खाते उघडतानाच देश ‘इंडिया’ निवडावा, बऱ्याच अ‍ॅपमध्ये तो नंतर बदलता येत नाही आणि नवे खाते काढावे लागते.

नेट बंद असताना वेळापत्रक चालते का?

कंपनीनुसार बदलते. स्वतःच तपासा: पाच मिनिटांनंतरची वेळ लावा, राउटर बंद करा आणि वाट पाहा. चालू झाले तर वेळापत्रक प्लगमध्येच साठवलेले आहे. यातही एक मेख आहे. बहुतेक प्लगमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते, ते वेळ नेटवरून घेतात. म्हणजे लाइट जाऊन आली आणि नेट मात्र आले नाही, तर प्लगला किती वाजले हेच माहीत नसते. देवघरातला दिवा लागला नाही तर बिघडत नाही, पण आजारी माणसाच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखी यंत्रे असल्या प्लगवर अजिबात ठेवू नयेत.

लाइट गेली आणि आली की काय होते?

अ‍ॅपमध्ये ‘पॉवर-ऑन’ किंवा ‘रीस्टार्ट’ अशा नावाची एक सेटिंग असते. तिचे तीन पर्याय: बंद, चालू, आणि लाइट जाण्यापूर्वी होते तसे. गीझर, इस्त्री, हीटर, पाण्याची मोटर यांना ‘बंद’च ठेवा. फ्रिज आणि राउटर यांना ‘चालू’. बल्बला ‘पूर्वीसारखे’ ठेवा, नाही तर रात्री दोनला लाइट आली की झोपायच्या खोलीत लख्ख उजेड पडतो. ही सेटिंग वस्तू जोडल्या दिवशीच करावी.

लोडशेडिंगच्या गावात राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा: १२ व्होल्ट १ अँपिअर, १२ व्होल्ट २ अँपिअर किंवा ९ व्होल्ट. व्होल्ट तंतोतंत तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो. एकाला देऊन उपयोग नाही.

भिंतीतल्या बोर्डामागे बसवायचे स्मार्ट मॉड्यूल बरे की प्लग?

दिवे आणि पंखे असतील तर मॉड्यूल बरे, कारण जुनी बटणेही चालत राहतात. घरातल्या आजीला अ‍ॅप शिकवावे लागत नाही. तीन गोष्टी पाहा.

मॉड्यूलला फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. नुसत्या बटणांच्या बोर्डात बऱ्याचदा नसतो, मग तो ओढून आणावा लागतो. दुसरे, डबा किती खोल आहे ते मोजा. जुन्या घरांतल्या लाकडी बोर्डांत जागा असते, नव्या उथळ डब्यांत वायरी आणि मॉड्यूल कोंबले की उष्णता बाहेर पडत नाही.

तिसरी गोष्ट पंख्याची. स्मार्ट मॉड्यूल जर पंख्याचा वेग बदलणारे असेल तर जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका. दोन्ही एकामागे एक राहिले की पंखा घूं घूं करतो आणि वेग नीट लागत नाही. कॅपॅसिटरने वेग बदलणारे मॉड्यूल घ्या. त्यात चार-पाचच पायऱ्या मिळतात, पण पंखा शांत चालतो. बीएलडीसी पंख्याला बाहेरचा कोणताही रेग्युलेटर चालत नाही, त्याला फक्त चालू-बंद द्यायचे.

हे काम वायरमनकडूनच करून घ्या आणि काम चालू असताना एमसीबी पाडलेला असू द्या.

या वस्तू स्वतः किती वीज आणि किती डेटा खातात?

एक प्लग रिकामा असताना अर्धा ते एक वॉट. एक वॉट वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिट. वीस वस्तू असतील तर वर्षाला नव्वद ते पावणेदोनशे युनिट नुसत्या जागे राहण्यात जातात. म्हणून मोबाईलच्या चार्जरसारख्या वस्तूला स्मार्ट प्लग लावून वीज वाचवणे हा उलटा हिशेब आहे. बचत गीझर, एसी आणि विसरून चालू राहणाऱ्या मोटरीत आहे.

प्लग आणि बल्ब यांचा डेटा नगण्य असतो. कॅमेऱ्याचे मात्र तसे नाही. सेकंदाला १ मेगाबिटने सतत क्लाउडवर (कंपनीच्या सर्व्हरवर) पाठवणारा कॅमेरा दिवसाला सुमारे १०.८ जीबी खर्च करतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तो परवडत नाही.

मग कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग कुठे ठेवावे?

घरासाठी मेमरी कार्ड पुरते. त्याच हिशेबाने ६४ जीबीचे कार्ड १ मेगाबिटला पाच-सहा दिवस आणि २ मेगाबिटला तीन दिवस टिकते, मग जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. फोनसाठीचे साधे कार्ड दिवसरात्र लिहून लवकर मरते आणि मेल्याचे कळतही नाही. ‘हाय एन्ड्युरन्स’ असे छापलेले कार्ड घ्या आणि महिन्यातून एकदा मागची एखादी चित्रफीत उघडून पाहा. चोर कॅमेराच घेऊन गेला तर कार्डही जाते, म्हणून दाराचा कॅमेरा हाताला न येणाऱ्या उंचीवर लावा किंवा निदान हालचालीचे तुकडे क्लाउडवर जाऊ द्या.

कॅमेऱ्याचा रोख आपल्या दारापुरता ठेवा. शेजाऱ्यांचे दार किंवा खिडकी टिपली जात असेल तर अ‍ॅपमधल्या ‘प्रायव्हसी झोन’ने तो भाग काळा करता येतो. झोपायच्या खोलीत नेटला जोडलेला कॅमेरा नकोच. घरी कामाला येणाऱ्या मावशींना कॅमेरा कुठे आहे ते सांगा.

कॅमेरा कोणी ‘हॅक’ करू शकतो का?

करू शकतो आणि बहुतेकदा त्यात मोठी करामत नसते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले ते फक्त कारखान्यातून येणारी साठेक नावे-पासवर्ड एकामागून एक वापरून. त्या वस्तूंच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या घरचा कॅमेरा नेहमीसारखाच चालला होता.

म्हणून कॅमेरा आणि राउटर या दोन्हींचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. अ‍ॅपच्या खात्याला ओटीपीची दुहेरी तपासणी लावा. राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ (वस्तूंना बाहेरच्या नेटसाठी आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद करा, आणि बाहेरून कॅमेरा दिसावा म्हणून कोणी ‘पोर्ट’ उघडून देत असेल तर देऊ देऊ नका. घरच्यांना कॅमेरा दाखवायचा असेल तर पासवर्ड न सांगता अ‍ॅपमधल्या ‘शेअर’ने द्या, म्हणजे नंतर काढूनही घेता येतो. सोसायटीच्या डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याकडेच राहतो असे फार ठिकाणी दिसते. तो बदलून दोन पदाधिकाऱ्यांकडे लेखी ठेवा. फुटेज दाखवून कोणी पैसे मागत असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

या वस्तूंसाठी वेगळे वाय-फाय ठेवावे का?

हो. राउटरचे ‘गेस्ट’ नेटवर्क चालू करून सगळ्या स्मार्ट वस्तू त्यावर टाका. एखादी वस्तू कोणाच्या ताब्यात गेली तरी तुमचा लॅपटॉप तिच्या हाताला लागत नाही. टीव्ही आणि प्रिंटर मात्र मुख्य नेटवर्कवरच ठेवा, नाहीतर फोनवरून त्यांच्यावर काही पाठवता येत नाही.

बोलून चालवायचा स्मार्ट स्पीकर सतत आपले बोलणे ऐकतो का?

हाक मारायचा शब्द पकडण्यासाठी माइक चालू असतो, पण तो शब्द आल्यावरच पुढचे बोलणे कंपनीकडे जाते. कधी कधी दुसराच शब्द त्याला हाकेसारखा वाटतो आणि नको ते बोलणेही जाते. अ‍ॅपमधल्या ‘व्हॉइस हिस्टरी’त जे गेले ते ऐकता येते आणि पुसताही येते. महत्त्वाचे बोलणे असेल तेव्हा वरचे माइकचे बटण दाबा, लाल किंवा नारिंगी दिवा लागला की माइक बंद. दोन दिव्यांना ‘हॉल’ आणि ‘हॉल दोन’ अशी नावे देऊ नका, गोंधळ होतो.

गणपतीच्या मखराच्या माळा स्मार्ट प्लगवर लावू का?

घरात खुशाल लावा. अंगणात किंवा गॅलरीत नको. हे प्लग घरातल्या वापराचे असतात आणि भाद्रपदात पावसाची सर कधीही येते. बाहेरसाठी किमान ‘आयपी ४४’ (उडणाऱ्या पाण्यापासून बचाव) असे लिहिलेला प्लग लागतो. कोकणात आणि गोव्यात खारी हवा पिना खाते, तिथे घरातले प्लगही वर्षातून एकदा काढून पाहावेत.

महावितरणचा नवा टीओडी मीटर माझे वाय-फाय वापरतो का?

नाही. त्यात संपर्काचे स्वतःचे साधन असते. ते मोबाईल नेटवर्कवरून किंवा आसपासच्या मीटरांच्या रेडिओ साखळीतून रीडिंग पाठवते. संपर्क तुटला तर मीटर रीडिंग साठवून ठेवतो आणि नंतर पाठवतो.

या मीटरमुळे वापराची वेळही नोंदली जाते. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर दरात सवलत आहे. तिचा लाभ घ्यायचा तर वॉशिंग मशीन आणि टाकी भरायची मोटर या वेळेत आणा.

मीटर जोरात पळतो अशी शंका असेल तर घरीच पाहता येते. सगळे बंद करून फक्त २००० वॉटचा गीझर चालू ठेवा. मीटरवर एका युनिटला किती ‘इम्प’ ते छापलेले असते. समजा १६०० असतील, तर लाल दिवा मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकायला हवा. व्होल्टेज कमी असेल तर गीझरच कमी वीज घेतो आणि दिवा थोडा सावकाश लुकलुकतो. मेन स्विच पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर मीटर आणि मेन यांच्यामध्ये कुठेतरी गळती आहे किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्याचा भार आहे. ती तक्रार लेखी करा.

दुकानातला साउंडबॉक्स कधी कधी गप्प का राहतो?

साउंडबॉक्स तुमच्या फोनला जोडलेला नसतो. त्याच्या आत स्वतःचे सिम असते. ग्राहकाचे पैसे बँकेत जमा झाले की कंपनीचा सर्व्हर त्या सिमवरून डब्याला कळवतो आणि तो ‘पैसे प्राप्त झाले’ म्हणून सांगतो. म्हणून डबा गप्प राहिला याचा अर्थ पैसे आले नाहीत असा होत नाही. रेंज नसेल, बॅटरी उतरली असेल, भाडे थकले असेल. लोखंडी शटर किंवा फ्रिजमागे ठेवला असेल तर गल्ल्याच्या पुढच्या बाजूला आणा.

गर्दीच्या वेळी ग्राहकाच्या फोनवरची हिरवी टिक पाहून माल देऊ नका, तसे खोटे पडदे दाखवणारी अ‍ॅप आहेत. आपल्या फोनवर आपल्या खात्याची नोंद पाहा. आणि रोज दुकान उघडताना स्वतः एक रुपया पाठवून बघा. कोणी रात्रीत तुमच्या क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवला असेल तर तो इथेच पकडला जातो: पैसे गेले, नाव दुसरेच दिसले आणि डबा बोलला नाही.

फास्टॅग इंटरनेटला जोडलेला असतो का?

नाही. काचेवरच्या टॅगला बॅटरीही नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओ लहरींवर तो क्षणभर जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. इंटरनेट असते नाक्यावर आणि बँकेत.

विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू होत नाही. काय तपासावे?

मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारा ‘ऑटो’ हा स्टार्टरच्या पेटीत बसतो. त्याला तिन्ही फेज दिलेले असतात, स्टार्टरच्या चालू-बंद बटणांशी त्याची वायर जोडलेली असते आणि एका फेजवर अँपिअर मोजणारी कॉइल असते. पुढच्या क्रमाने पाहा.

तिन्ही फेज आहेत का? एक फेज गेला असेल तर ऑटो मुद्दामच मोटर चालू करत नाही. तो तुमची मोटर वाचवतो आहे, त्याला बायपास करू नका. डीपीवर काम झाल्यावर फेज उलटे लागले असतील तरी तो थांबतो. तेव्हा दोन वायरींची अदलाबदल वायरमनकडून करून घ्या. व्होल्टेज फार कमी असेल तरी थांबतो.

सिम चालू आहे का? ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून फोन करा आणि घ्या. रिचार्ज संपून सिम बंद पडणे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. जुन्या ऑटोत २जी मॉड्यूल असते. जिओकडे २जी नाही, त्यामुळे त्यात जिओचे सिम चालतच नाही. नवा घेताना ४जी मॉड्यूलचाच घ्या.

रेंज आहे का? लोखंडी पेटी बंद केली की अँटेना आत गुदमरतो. अँटेना पेटीबाहेर काढून वरच्या बाजूला लावा.

‘ड्राय रन’ दाखवतो का? विहिरीचे पाणी खाली गेले की मोटर कमी अँपिअर घेते आणि ऑटो तिला थांबवतो. पाणी असूनही असे होत असेल तर सेटिंग चुकले आहे. मोटर पूर्ण पाणी ओढत असताना अँपिअर पाहा आणि ड्राय रनचा आकडा त्याच्या साधारण तीन चतुर्थांशावर ठेवा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर हा आकडा पुन्हा तपासा, पाण्याची पातळी बदलली की अँपिअरही बदलतात.

चालू करण्याचा पासवर्ड बहुधा १२३४ असतो, तो बदला. फक्त घरच्यांचे नंबर नोंदवा.

लाइट आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू होतात आणि डीपीचा फ्यूज उडतो. उपाय?

चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट अँपिअर ओढते. एका डीपीवर पंधरा मोटरी ‘ऑटो’वर असल्या तर त्या एकाच क्षणी हिसका देतात, व्होल्टेज कोसळते, कॉइल जळतात. प्रत्येक ऑटोत ‘स्टार्ट डिले’ असतो. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून तो वाटून घ्यावा: पहिल्याला एक मिनिट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. काही खर्च नाही. सोबत प्रत्येक मोटरीला योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर लावा.

ऑटोवर असलेल्या मोटरीचे काम करताना कोणती काळजी घ्यावी?

फोनवर ‘बंद’ पाठवले म्हणजे मोटर बंद झाली असे धरून विहिरीत उतरू नका. लाइट येईल, घरून कोणी फोन लावेल आणि मोटर चालू होईल. आधी ऑटोचे बटण ‘मॅन्युअल’वर करा, मग मेन पाडा, मग तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा. टेस्टरने तिन्ही फेज तपासा. घरी फोन करून सांगा की मी सांगेपर्यंत मोटरला हात लावू नका. पेटीवर मोठ्या अक्षरांत ‘मोटर आपोआप चालू होते’ असे रंगवून ठेवा, कारण सालगडी नवा असू शकतो. सोसायटीच्या टाकीच्या मोटरीलाही हेच लागू आहे. तिथे भरून वाहू नये म्हणून साधा फ्लोट स्विच वायरने जोडलेला असावा, अ‍ॅप त्याच्यावर जादा सोय म्हणून.

दाराला स्मार्ट कुलूप लावावे का?

चावीची सोय असेल तरच. बहुतेक कुलपे चार पेन्सिल सेलवर चालतात, सेल उतरत आले की आधी सूचना देतात. बऱ्याच कुलपांना बाहेरून ९ व्होल्टचा सेल टेकवून किंवा यूएसबीने तात्पुरती वीज देता येते. जादा चावी घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. ती कपाटात आत राहिली तर उपयोग नाही.

कंपनी बंद पडली तर वस्तू निकामी होते का?

फक्त त्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी असेल तर अ‍ॅपपुरती निकामी होते. हाताचे बटण असेल तर साधी वस्तू म्हणून चालत राहते. घेताना ‘मॅटर’चे चिन्ह पाहा. २०२२ साली आलेले हे मानक वस्तूला घरातल्या घरात, कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालवू देते आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये जोडू देते.

जुना कॅमेरा किंवा प्लग कोणाला देताना काय करावे?

आधी अ‍ॅपमधून ‘रिमूव्ह’ करा आणि विचारले तर डेटा पुसायलाही सांगा. नुसते बटण दाबून रीसेट केले तर काही वस्तू तुमच्या खात्यालाच बांधलेल्या राहतात आणि नव्या माणसाच्या अ‍ॅपमध्ये ‘दुसऱ्या खात्याला जोडलेले आहे’ असा अडथळा येतो. नंतर बटण धरून रीसेट करा, मेमरी कार्ड काढून घ्या. टीव्ही देत असाल तर त्यातली सगळी खाती बाहेर काढून ‘फॅक्टरी रीसेट’ करा. भाड्याचे घर सोडताना भिंतीवरचे कॅमेरे, कुलूप आणि दारावरची बेल यांची यादी करून घरमालकासमोर खाती काढा. तुम्ही नव्या घरात राहायला गेला असाल तर आधीच्या भाडेकरूच्या खात्याला जोडलेली वस्तू भिंतीवर राहिलेली नाही ना, हे पहिल्याच दिवशी पाहा आणि असेल तर तिची वायर काढून ठेवा.